दुकानातली मराठी

श्यामराव डोर्लीकरांना आपल्याला बाजारात आजवर कोणी गंडवलं नाही याचा फार अभिमान होता. आधी रायपूरची कलेक्टर कचेरी, मग छत्तीसगढ वेगळं झाल्यावर मंत्रालय, आणि मंत्रालय नव्या रायपूरला हललं तेव्हा ऑफिसच्या बसने रोज तिकडचे रुंद रिकामे रस्ते, अशी अख्खी नोकरी झाली. पण निवृत्तीच्या समारंभात भाषण करताना ते नोकरीबद्दल चार वाक्यं बोलले आणि सदर बाजारातल्या कापड खरेदीबद्दल दहा मिनिटं. लोक हसले. श्यामरावांना वाटलं, कौतुकाने हसले.

त्यांचं शस्त्र साधं होतं. दुकानात शिरलं की मराठी. वडील रेल्वेत गार्ड, वर्ध्याकडून इकडे आलेले. त्यांनी ही विद्या घरात आणली. दुकानदाराशी हिंदीत बोलायचं, घरच्यांशी मराठीत, आणि खरं काय ते मराठीत. म्हणजे हिंदीत म्हणायचं, "भैया, ये रंग तो जमा नहीं," आणि त्याच दमात बायकोला, "रंग मस्त हाय, पन चेहरा पाड जरा." लग्न होऊन आलेल्या पद्मिनीबाई दोन महिन्यांत यात तयार झाल्या आणि दोन वर्षांत नवऱ्याच्या पुढे गेल्या. सदर बाजारातल्या जुन्या शेठ लोकांना हे सगळं कळत असणार. पिढ्यान्‌पिढ्या मराठी गिऱ्हाईक पाहिलेली माणसं ती. पण गिऱ्हाइकाला शहाणं वाटू देणं हाही धंद्याचाच भाग असतो, म्हणून ते बापडे छताच्या पंख्याकडे बघत राहायचे. श्यामरावांना पंखा काही दिसला नाही कधी.

मागच्या वर्षी हे शस्त्र त्यांनी सातासमुद्रापार चालवून पाहिलं. लेक अनुश्री नोकरीसाठी पेरू देशात, लिमा शहरात असते. आईवडील महिनाभर तिच्याकडे जाऊन आले. तिथे मिराफ्लोरेस नावाच्या भागात हस्तकलेचा मोठा बाजार आहे. लोकरीच्या शाली, कोरीव भोपळे, चांदीचे दागिने, मातीचे बैल, गल्ल्याच्या गल्ल्या भरलेल्या. श्यामराव तिथे लहान पोरासारखे हरखले. इथे तर हिंदीचंही ओझं नाही! विकणाऱ्याच्या तोंडावर वाटेल ते बोला, त्याच्या बापाला कळायचं नाही. एका म्हाताऱ्या शालवालीसमोर उभे राहून ते मोठ्याने म्हणाले, "बुडीचं सकाळपासून काही विकलं नाही वाटते. अर्ध्यात देईन, तू फक्त चालू लाग." पद्मिनीबाई चालू लागल्या. म्हातारीने खरंच अर्ध्यात दिली.

अनुश्रीने ती शाल हातात घेतली नाही. रायपुरात असताना मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देणारी ही पोट्टी, परदेशी गेल्यावर तिचं मराठी परत आलं होतं, आणि ते तिने त्या दिवशी बापावर पूर्ण खर्च केलं.

"बाबा, त्यांना भाषा नाही कळत, तुमचं तोंड कळते."

"भाषाच नाही कळत तं तोंडाचं काय घेऊन बसली?"

"मला लाज वाटते तुमच्यासोबत बाजारात यायची," ती म्हणाली, आणि उरलेले नऊ दिवस ती त्यांना बागा, समुद्र आणि चर्च दाखवत राहिली. बाजार दाखवला नाही. श्यामराव हे वाक्य विमानात बसून रायपूरपर्यंत घेऊन आले. एकुलती एक लेक. तिने लहानपणी त्यांचं बोट धरून याच सदर बाजारात मिरवलं होतं, 'माझे बाबा सगळ्यांना हरवतात' असं शाळेत सांगितलं होतं. आता ती फोनवर आईशी बोलायची आणि शेवटी म्हणायची, बाबा कसे आहेत. बाबा शेजारीच बसलेले असायचे.

म्हणून या वर्षी तिने आपणहून वडिलांना काम सांगितलं तेव्हा श्यामरावांना जरा बरं वाटलं. जरा कशाला, खूपच. लिमात तिच्या घरमालकीण एल्विराबाई. अनुश्रीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ही सत्तरीतली बाई चार दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसली होती. तिचे वडील गावाकडे भोपळ्यांवर नक्षी कोरायचे. अनुश्रीने विचारलं, तुमच्यासाठी भारतातून काय मागवू? तर म्हातारी म्हणाली, तुझ्या गावात हाताने केलेलं काहीही, पण ज्याने केलं त्याचं नाव सांग मला. माझ्या वडिलांचे भोपळे जगभर गेले, त्यांचं नाव कुठेच गेलं नाही.

"तर बाबा, ढोकरा घ्या, ते बस्तरचं ओतीव पितळकाम. करणाऱ्याकडूनच घ्या. आणि तिथूनच मला व्हिडिओ कॉल लावा, मी स्वतः बोलीन त्यांच्याशी," अनुश्री म्हणाली. "आणि एक. भाव करू नका. शब्द द्या मला."

"दिला," श्यामराव म्हणाले.

रायपुरातच, पंडरीच्या हाटात शिल्पमेळा भरला होता. श्यामराव आणि पद्मिनीबाई गेले ते शेवटच्या दिवशी संध्याकाळी. शेवटचा दिवस का, ते वेगळं सांगायला नको. इतक्या वर्षांची सवय शब्द दिल्याने जात नाही. बांबूच्या टोपल्या, लोखंडी दिवे, कोसा रेशमाच्या साड्या असं बघत बघत ते एका कोपऱ्यातल्या दुकानाशी थांबले. बस्तरातल्या कोंडागावकडचा घडवा, म्हणजे पितळ ओतणारा कारागीर होता तो. पन्नाशीचा, काटक, पांढऱ्या बनियनवर मळका कोट. समोर पितळेच्या मूर्ती मांडलेल्या. मागे जमिनीवर बसून त्याची बायको रद्दीच्या कागदात माल गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

मूर्तींमध्ये एक बाई होती. वीतभर उंच, डोक्यावर टोपली, पाठीला पोर. केसांची एकेक बट वेगळी. श्यामरावांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांचा हात आपोआप तिच्याकडे गेला.

"इसका कितना, भैया?"

"पैंतालीस सौ, बाबूजी."

श्यामरावांनी मूर्ती खाली ठेवली. मग बायकोकडे वळून त्यांनी आपल्या नेहमीच्या, मोकळ्या, घरच्या आवाजात सांगितलं, "हेच घ्याचं हाय. पन थांब. आज शेवटचा दिवस, एवढं वजन वापस नेईन का हा? येईन खाली."

"पोरीले शब्द देल्ला तुम्ही," पद्मिनीबाई म्हणाल्या, पण हसत.

"मी कुठी भाव करून राहिलो? मी तं नुसता उभा हाय."

ते नुसते उभे राहिले. या दुकानातून त्या दुकानात नजर फिरवत, मधूनच निघाल्यासारखं करत. तो माणूस चार हजार म्हणाला. मग साडेतीन. बाजूचा माल काढून ठेवताना त्याचा उजवा हात थरथरत होता, एक छोटा हत्ती त्याच्या बोटांतून सुटून पाटावर आपटला. पद्मिनीबाईंचं लक्ष गेलं.

"हात पाहा त्याचा कसा कापून राहिला. संध्याकाळ झाली न, तलफ आली असन. याह्यले पैसे देनं म्हणजे सरळ दारूच्या भट्टीत टाकनं हाय."

"म्हनून तं कमी देऊ," श्यामराव म्हणाले. "तेवढीच कमी पिईन. पुन्य लागीन आपल्याले."

पद्मिनीबाईंना हसू आलं. हसता हसता त्यांनी मागे बसलेल्या बाईकडे हनुवटीने दाखवलं. "ते बी घेत असन. डोळे पाहा कसे लाल हायेत."

कागद चुरगळल्याचा आवाज एक क्षण थांबला आणि परत सुरू झाला.

बावीसशेवर सौदा ठरला. माणूस श्यामरावांकडे न बघता मूर्तीकडे बघून 'ठीक है' म्हणाला. श्यामरावांनी पैसे दिले, मिशीवरून हात फिरवला आणि फोन काढला. लिमात सकाळचे साडेसात वाजले असतील. अनुश्री तयारच होती. मागे खुर्चीत एक पांढऱ्या केसांची ठेंगणी बाई बसली होती, एल्विराबाईच असणार, तिने हात हलवला.

"भैया, ज़रा बात कर लो. हमारी बेटी है, विदेश में," श्यामराव म्हणाले.

माणूस कोटाला हात पुसून पुढे आला. अनुश्रीने नमस्कार केला, हिंदीत नाव विचारलं. दयाराम, तो म्हणाला. अनुश्रीने ते मागे वळून सांगितलं, आणि म्हातारीने ते नाव हळूहळू, तुकडे करून उच्चारलं. दयाराम लाजून हसला. श्यामरावांच्या लक्षात आलं की अर्धा तास या माणसासमोर उभे असून आपण त्याचं नाव विचारलं नव्हतं. पण ते तेवढ्यापुरतंच. मोठं पुढे होतं.

अनुश्रीने मूर्ती कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली. श्यामरावांनी धरली.

"अय्या, बाबा! किती सुंदर आहे!" ती मराठीत म्हणाली. "केस बघा न. इतकी बारीक तार कशी काढली असेल? त्यांना विचारा न जरा."

श्यामराव विचारायला तोंड उघडणार, तोच दयाराम बोलला. हिंदीत बोलला, पण तिच्या प्रश्नालाच बोलला.

"तार नहीं है दीदी, मोम का धागा है. पहले मोम का खींचते हैं, ऊपर मिट्टी, फिर पीतल ढालते हैं. मेरे हाथ से अब ये बारीक काम नहीं होता. ढालते समय पीतल छलक गया था, नस जल गई, तब से काँपता है. ये बाल सब घरवाली ने बनाए हैं. विमला नाम है. रात-दिन धुएँ में बैठती है, आँखें खराब कर ली उसने."

श्यामरावांच्या हातातली मूर्ती जड झाली. त्यांनी पद्मिनीबाईंकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच नव्हती.

"अरे! तुम्हाला मराठी कळतं?" अनुश्री टाळी वाजवून म्हणाली.

"हमारी हल्बी आपकी बोली जैसी ही है, दीदी. आप 'आमचं घर' बोलते हो, हम 'आमचो घर' बोलते हैं. बस्तर में सब समझते हैं. बोलना नहीं आता, समझ में सब आता है."

"सगळं?"

"सब."

श्यामराव रायपुरात जन्मले, रायपुरात म्हातारे झाले. मंत्रालयात बस्तरच्या किती फाइली त्यांच्या हाताखालून गेल्या. आपल्या दारापासून पाच-सहा तासांवर अख्खा मुलूख आपल्या बोलीची चुलत बहीण बोलतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कोणाला विचारलंही नव्हतं. ते उभ्या उभ्या घामाने भिजले. तलफ आली असन. तेवढीच कमी पिईन. पुन्य लागीन. त्यांच्याच आवाजातले शब्द त्यांच्या कानात परत येऊ लागले. आणि आता त्यांना दयारामच्या गळ्यातली तुळशीची कंठी दिसली. कबीरपंथी कंठी. छत्तीसगढात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ही घातलेला माणूस दारूला शिवत नाही. ती कोटाच्या गळ्यातून सरळ बाहेर दिसत होती. अर्धा तास दिसत होती.

"मग तर बरंच झालं," अनुश्री हसत होती. "मला खरं सांगा दयारामभैया, माझ्या बाबांनी भाव तर नाही न केला? ते फार हुशार आहेत त्याच्यात. मला शब्द दिलाय त्यांनी."

मागे कागदाचा आवाज पूर्ण थांबला. विमलाने मान वर केली होती. श्यामरावांना वाटलं, हाटातला सगळा गलबला बंद पडला आहे आणि सगळे लोक दयारामच्या तोंडाकडे बघत आहेत. बोलू दे, त्यांच्या मनात आलं. आणि लगेच, देवा, नको बोलू दे. लेकीसमोर नको.

दयारामने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"नहीं दीदी," तो म्हणाला. "बाबूजी ने अच्छा दाम दिया."

"थँक्यू, बाबा," अनुश्री म्हणाली. वर्षभरात इतक्या मायेने ती त्यांच्याशी बोलली नव्हती. "खरंच थँक्यू. मी उगीच तुमच्यावर रागावले होते."

श्यामरावांनी मान हलवली. फोन बंद झाला. मग घाईघाईने पाकीट काढून त्यांनी हाताला लागल्या तेवढ्या नोटा पाटावर ठेवल्या.

"दयारामजी, ये... ये रखिए. पूरे रखिए."

दयारामने नोटा उचलल्या आणि परत त्यांच्या हातात दिल्या. रागाने नाही. रागाने दिल्या असत्या तर श्यामरावांना सोपं गेलं असतं.

"सौदा तो हो गया, बाबूजी. अब ये लूँगा तो किस बात के लूँगा?"

विमलाने मूर्ती घेतली, आधी गवतात, मग कागदात, मग सुतळीने अशी बांधली की पेरूच काय, आणखी पुढे गेली तरी फुटू नये. गाठ मारून तिने ती पद्मिनीबाईंच्या हातात दिली. पद्मिनीबाई 'धन्यवाद' म्हणाल्या, पण ते त्यांच्या त्यांनाही ऐकू आलं नसावं.

दोघं गाडीने घरी आले. कुलूप उघडताना पद्मिनीबाई म्हणाल्या, "आपन त्याच्या तोंडावर थोडी म्हनलं? आपसात बोलून राहिलो होतो."

"त्याच्या तोंडावरच उभे होतो," श्यामराव म्हणाले.

त्यांनी जेवण केलं नाही. खुर्चीत बसून त्यांना एकेक दुकान आठवत होतं. भाजीवाली, चप्पलवाला, कुंभाराची ती गरोदर बायको, दिवाळीचे दिवे विकणारी. लिमातली म्हातारी. त्या सगळ्यांसमोर आपण काय काय बोललो असू! कोणाला कळलं, कोणाला नाही, हा प्रश्न एका दिवसात निकालात निघाला होता. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासमोरही बोलणारा माणूस तोच होता. आयुष्यभर ज्याला ते हुशारी म्हणत आले त्याला दुसरं नाव होतं, आणि त्याची लाज वाटते हे लेकीने एक वर्षापूर्वीच सांगून ठेवलं होतं. आता तर ती लेकच त्यांना चांगलं समजत होती, एका परक्या माणसाच्या खोट्या शब्दावर. हे सगळ्यात जास्त टोचत होतं. तिचा राग परवडला असता.

हाटातून निघताना त्यांनी शेजारच्या टोपलीवाल्याला विचारून घेतलं होतं. दयाराम आणि विमला सकाळी आठच्या बसने भाठागावच्या बसस्टँडवरून कोंडागावला निघणार होते. श्यामराव साडेसहालाच अंघोळ करून तयार झाले. पद्मिनीबाईंनी काही न विचारता साडी बदलली.

"मी येतो," त्या म्हणाल्या, "पन गाडीतच बसीन."

बसस्टँडवर कोंडागावची बस लागली होती. कंडक्टर सामान टपावर चढवत होता. दयाराम आणि विमला गठुड्यांपाशी उभे होते. श्यामरावांना पाहून दयारामला आश्चर्य वाटलं नाही, किंवा वाटलं तरी त्याने दाखवलं नाही. "नमस्ते बाबूजी," म्हणाला. "मूर्ति में कुछ टूटा क्या?"

"नहीं, नहीं." श्यामरावांनी रात्रभर वाक्यं जुळवली होती. ती हिंदीत होती. मंत्रालयातलं हिंदी, गुळगुळीत, ज्यात कोणी काही करत नाही आणि सगळं आपोआप होतं. "दयारामजी, कल हमारी ओर से जो कुछ अनुचित कहा गया, उसके लिए हमें अत्यंत खेद है. आपको जो कष्ट पहुँचा..."

"ठीक है बाबूजी," दयाराम म्हणाला. "हो जाता है."

"नहीं होता," विमला म्हणाली.

तिचा आवाज श्यामरावांनी पहिल्यांदाच ऐकला. जाडा, स्वच्छ आवाज होता. लाल डोळ्यांनी ती त्यांच्याकडे सरळ बघत होती.

"जौन बोली में बोले थे, ओही में बोलो," ती म्हणाली. "खराब बात घर की बोली में, अउ माफी आफिस की बोली में?"

भोवती लोक होते. पोरं, म्हाताऱ्या, कोंबड्यांची टोपली घेतलेला एक माणूस, चहावाला. श्यामरावांनी घराबाहेर, परक्या माणसाला, मराठीत आजवर काय म्हटलं होतं? त्यांना एकही चांगला शब्द आठवेना. वाकायला शिकलेलीच नव्हती ती बोली त्यांच्या तोंडात. त्यांचे कान तापले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "लय चुकलं. तुमची मेहनत मले दिसून राहिली होती आन मी तुमची गरज पाहून भाव पाडला. वरतून तुमच्यावर हसलो. पुन्याची गोष्ट केली. मले लाज वाटून राहिली स्वतःची. पोरीसमोर तुम्ही माझी इज्जत ठेवली, मी तुमची नाही ठेवली. मी आज तिले खरं सांगीन."

चहावाला थांबून बघत होता. बघू दे.

दयारामने खाली पाहिलं. विमलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हव," ती म्हणाली. एवढंच. मग थोड्या वेळाने, "ये आपका हुआ. भट्ठी वाली बात आपने नहीं कही थी. मेरे बारे में भी आपने नहीं कहा था."

"ते माझ्याच घरचं हाय, मीच..."

"नहीं," विमला म्हणाली. "जिसका मुँह, उसी की बात." आणि तिने श्यामरावांच्या खांद्यावरून पलीकडे, उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं.

श्यामराव गाडीपाशी गेले. पद्मिनीबाईंनी काच खाली केली. त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. त्या दुरून सगळं बघत होत्या, आणि रडून रडून त्यांचं नाक लाल झालं होतं.

"मले बलावून राहिली का ते?"

"हो."

"काय म्हनू मी तिले?"

"जे म्हनलं होतं ते घेऊन जा," श्यामराव म्हणाले. "बाकी येईन."

पद्मिनीबाई उतरल्या. पदर सावरत, चिखल चुकवत त्या बसपाशी पोचल्या आणि विमलासमोर उभ्या राहिल्या. शेजारपाजाऱ्यांत यांच्या जिभेला सगळे घाबरतात, कोणत्या बोलण्याला कधी अडल्या नाहीत. ओठ हलले. काही बाहेर येईना. विमला वाट बघत होती. घाई नव्हती तिला, पण कंडक्टरला होती. "चलो चलो, कोंडागाँव, जगदलपुर!" तो ओरडला, आणि इंजिन सुरू झालं.

पद्मिनीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम खाली वाकून विमलाचं सगळ्यात मोठं गठुडं उचललं. पितळेने भरलेलं होतं. साठीतली बाई, गुडघे दुखतात, तरी त्यांनी ते छातीशी धरून बसच्या पायरीवर चढवलं, मग दुसरं चढवलं, साडीला काळं लागलं तरी पाहिलं नाही. दयाराम 'दीदी, रहने दो' म्हणत मागे धावला. सगळं चढवून झाल्यावर त्या धापा टाकत विमलाकडे वळल्या. चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं होतं.

विमला पायरीवर चढली. वरून तिने पद्मिनीबाईंकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"गठरी तो मैं उठा लेती, दीदी," ती म्हणाली. "आपको बोलना था."

दार लागलं. बस मागे आली, वळली आणि फाटकाकडे निघाली. पद्मिनीबाई दोन पावलं तिच्यासोबत चालल्या आणि तेव्हा कुठे त्यांच्या तोंडातून शब्द फुटला, "मी वाईट बोलली हो, बाई, मी वाईट बोलली," अगदी स्पष्ट, चारचौघांत, मराठीत. बस तोवर रस्त्याला लागली होती.